सरांनी धाडलेलं गिऱ्हाईक

आमचे सर भर उन्हाळ्यात कानटोपी घालून बाजारात फिरायचे आणि आपल्याला कुणी ओळखत नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं.

खरं तर वारूळवाडीपासून नारायणगावच्या स्टँडपर्यंत त्यांना न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. किडकिडीत अंगकाठी, एका खांद्यावर कललेली चाल आणि खोकत खोकत चालणारी जुनी मोपेड. ती मोपेड लांबून वाजली की गॅरेजवाले, खतवाले, डेअरीवाले आपापल्या दुकानातल्या शिकाऊ पोराला सांगायचे, "आवर रे, तुझं गिऱ्हाईक आलं." सर मोपेड अलीकडेच एखाद्या झाडाखाली लावायचे, कानटोपी भुवयांपर्यंत ओढायचे आणि परगावचे पाहुणे होऊन दुकानात शिरायचे. दुकानदार लगेच गल्ल्यात काहीतरी शोधायला लागायचा, म्हणजे हसू दिसत नाही. अख्ख्या बाजारपेठेनं हे नाटक वर्षानुवर्षं सांभाळलं. एकानंही कधी "काय सर, आज इकडं कुठं?" असं विचारलं नाही.

सर आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात व्होकेशनल शिकवायचे. म्हणजे अकरावी-बारावीची पोरं आठवड्यातले काही दिवस वर्गात आणि काही दिवस कुठल्यातरी धंद्याच्या जागी. काम शिकायचं, मालकाची बोलणी खायची, आणि बारावीनंतर जमलं तर डिप्लोमाला जायचं. त्या जागा शोधणं, पोरं तिथं टिकवणं आणि ती काय शिकली ते तपासणं, हे सगळं सरांकडे. इतर ठिकाणचे शिक्षक मालकाला फोन करून विचारतात. सर स्वतः गिऱ्हाईक होऊन यायचे.

"कॉलेजची परीक्षा टाइमटेबल लावून येती," ते म्हणायचे. "धंद्याची परीक्षा हातात पिशवी घेऊन येती."

आणि परीक्षा खरी वाटावी म्हणून ते खरोखर खरेदी करायचे. घासाघीस करून, भांडून, पण शेवटी घ्यायचेच. त्यामुळे त्यांच्या घरी ज्याचा कुणाला उपयोग नाही अशा वस्तूंची रास लागली होती. एकदा मी वही द्यायला गेलो तर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पडवीत फवारणीचा पंप पुसत बसल्या होत्या. "हा तिसरा," त्या म्हणाल्या. "रान एक गुंठा न्हाई आमाला. फवारू कशावं, यांच्यावं?"

सरांचं नाव मी सांगणार नाही. ते अजून इथंच राहतात, आणि मला अजून इथंच धंदा करायचा आहे.

आता माझ्याबद्दल. मी खोडदचा. आमच्या रानाच्या कडेला रेडिओ दुर्बिणीच्या, आकाशातलं ऐकणाऱ्या त्या भल्यामोठ्या थाळ्या उभ्या आहेत. वडील पाहुण्यांना सांगायचे, "या थाळ्यांस्नी आभाळातलं ऐकू येतं, पर आमच्या पोराचं बोलणं आमाला घरात बी ऐकू येत न्हाई." यात अतिशयोक्ती नव्हती. अनोळखी माणूस समोर आला की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. घरी चुलते आले तरी मी गोठ्यात जाऊन बसायचो. चुलते विचारायचे, "हाये का न्हाई पोरगं?" आणि आई म्हणायची, "हाये, म्हशीपाशी."

दहावीला मला जे मार्क पडले त्यांवर सायन्स मिळत नव्हतं, आणि आर्ट्सला जाऊन काय करणार या वडिलांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. असलं तरी मी ते बोललो नसतो. म्हणून व्होकेशनल.

सरांनी मला आधी ट्रॅक्टरच्या सर्व्हिसिंगला धाडलं. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मालक हायेत का?" मी बघून येतो अशी मान हलवून आत गेलो आणि एका ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाआड उभा राहिलो, ते गिऱ्हाईक जाईपर्यंत. मालकानं दोन आठवडे दम धरला. मग त्यानं सरांना सांगितलं, "पोरगं गुणी हाये, पर दिसत न्हाई." तिथून मी दूध संकलन केंद्रावर गेलो. तिथं दुधाच्या फॅटवरून भांडणाऱ्या एका आजींना नाही म्हणणं मला जमेना, म्हणून त्या सांगतील ती, आणि मग जो तो सांगेल ती फॅट मी मंजूर करत गेलो. सगळ्या गावाच्या म्हशी एकाएकी सुधारल्या. चेअरमननी मला हात जोडून निरोप दिला.

सर रागावले नाहीत. फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "तुला माणसाशी बोलता येत न्हाई. ठीक हाये. आधी रोपांशी बोल."

हो, फळ्याकडे तोंड करून. सर शिकवायचेच तसे. अख्खा तास पाठ आमच्याकडे, आणि बोलणं खडूशी. पालकसभेच्या दिवशी ते खुर्च्या मांडायचे, सतरंजी झटकायचे, आणि पालक यायला लागले की कुठंतरी नाहीसे व्हायचे. एका सव्वीस जानेवारीला संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सरांनी माईक हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आता विद्यार्थी प्रात्यक्षिक करून दाखवतील." मग मी आणि आणखी एक पोरगं झेंड्याखाली बसून, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नसल्यामुळे रिकाम्या ट्रेमध्ये बी टोकण्याचा अभिनय करत राहिलो. टाळ्या पडल्या. आम्ही हा सगळा सरांचा लहरीपणा समजायचो. कारण हाच माणूस कानटोपी घातली की गॅरेजवाल्याला असा झापायचा की तो ऐकतच राहायचा.

मला धाडलं ती जागा म्हणजे वारूळवाडीच्या एका शेठची रोपवाटिका. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ टोमॅटोच्या भावावर बोलायला लागले की वाटावं यांचे पूर्वज इथंच बांधावर जन्मले. पुढे बी-खताचं दुकान, मागे शेडनेट, म्हणजे सावलीच्या जाळीचा मांडव, आणि शेडनेटखाली ट्रेच्या रांगाच रांगा. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर.

आणि तिथं मला पहिल्यांदा काहीतरी आवडलं. सकाळी शेडमध्ये शिरलं की काल जिथं नुसतं काळं कोकोपीट होतं तिथं हिरवे कोंब वाकून उभे असायचे. मी सगळ्यांच्या आधी जायचो, केवळ ते बघायला. घरी सांगितलं तर हसतील म्हणून सांगितलं नाही.

सरांची पहिली परीक्षा तिथं महिन्याभरात झाली. मोपेड खोकली, कानटोपी आत आली. "काय भाऊ, टमाट्याची रोपं कशी दिली?" मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, पाणी आणू?" शेठ गल्ल्यात शिरले. दुसऱ्या दिवशी सर फळ्याला म्हणाले, "काल एका परगावच्या शेतकऱ्याला आपल्या पोरानं सर म्हणून हाक मारली. त्या शेतकऱ्याला लई वाईट वाटलं."

पोरं आपल्याला ओळखतात, याची हळूहळू सरांना कुणकुण लागली असावी. त्यांनी स्वतः येणं कमी केलं आणि दुसऱ्यांना धाडायला सुरुवात केली. कधी त्यांचे मेव्हणे, कधी एक रिटायर झालेले कंडक्टर, एकदा तर काकूच आल्या. काकूंनी मिरचीची रोपं मागितली, मला तीन खोचक प्रश्न विचारले आणि जाताना हळूच म्हणाल्या, "चांगलं बोल रे बाबा माझ्याबद्दल, न्हाईतर मला परत धाडतील."

याचा परिणाम असा झाला की मला कुणाचाच भरवसा वाटेना. जरा जास्त प्रश्न विचारणारा माणूस दिसला की मी त्याला निरखायचो. एका खऱ्याखुऱ्या शेतकऱ्याला मी डोळा मारला. त्यानं शेठना विचारलं, "ह्याच्या डोळ्याला काय झालंय?" पण एक फायदाही झाला. समोरचा खोटा आहे असं एकदा मनानं घेतलं की माझी जीभ सुटायची. खोट्या माणसाला काय भ्यायचं? सरांचंही एक वाक्य तेव्हा मला पाठ झालं होतं: "चिडलेलं गिऱ्हाईक अजून आपलं असतं. गपचूप जातं ते गेलं."

बारावीची परीक्षा संपली. आता प्रशिक्षणाचा शेवटचा महिना उरला होता आणि माझं सगळं त्यावर होतं. एका डिप्लोमा कॉलेजशी सरांनी असं ठरवून घेतलं होतं की ज्या पोराचं काम पुरं झालं आणि मालकानं "हा चालंल" असा शब्द दिला, त्याला तिथं शेतीच्या डिप्लोमाला जागा मिळणार. अर्धा आठवडा कॉलेज, अर्धा आठवडा त्याच मालकाकडे पगारी काम. शेठनी शब्द दिला तर मी रोपांत राहणार होतो. नाही दिला तर चुलत्यांच्या पिकअपवर क्लीनर म्हणून जायचं, हे घरात ठरलेलं होतं. दिवसभर अनोळखी माणसांना "जरा गाडी मागं घ्या" म्हणून ओरडायचं. मला रोपं हवी होती. आयुष्यात आधी काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं.

अशात एका दुपारी शेठ बँकेत गेले होते आणि दुकानात मी एकटा होतो. एक म्हातारे बाबा आत आले. ऊन मी म्हणत होतं आणि त्यांनी जबड्यापासून टाळूपर्यंत फडकं गच्च आवळलेलं. नुसते डोळे आणि मिशा दिसत होत्या. मी मनात म्हटलं, आले! सरांनी नवीन माणूस धाडला. आणि शेवटच्या महिन्यात, म्हणजे ही फायनल.

"कुटं हाये तुमचा शेठ?" बाबा गरजले. "निरगुडसरवरनं आलोय मी! आठ दिवसांमागं रोपं नेली, अर्ध्या एकराची. निम्मी माना टाकून पडली. फसवलं आमाला!"

मी खुर्ची पुढे केली. "बसा बाबा. चिडा तुमी, बिनधास्त चिडा. मला वेळ हाये."

ते जरा चपापले. मग बसले आणि पुन्हा चिडले. मी मन लावून ऐकलं. आवाज चढवतात कसा, मध्येच गाल धरून कण्हतात कसे, काय बारकावे! ते कंडक्टर यांच्यापुढे काहीच नव्हते. आणि मग बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरांनी सांगितलं व्हतं, नका नेऊ यंदा. मीच हट्टानं नेली. आता घरात माझं कोण ऐकंल?"

मला वाटलं, वा. मार्क घ्यायचे तर आत्ताच. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि, माझ्या अठरा वर्षांत न काढलेल्या खणखणीत आवाजात बोललो, "बाबा, रडायचं न्हाई. अर्ध्या एकराची नवीन रोपं उद्या सकाळी आमच्याकडनं न्या. फुकट. लावायला माणूस आमचा. आणि शेठ स्वता तुमच्या बांधावं येऊन माफी मागतील."

खोट्या माणसाला द्यायला माझ्या बापाचं काय जात होतं? खरं तर शेठच्या बापाचंही, असं मला वाटत होतं.

बाबांनी फडक्याच्या टोकानं डोळे पुसले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लई मोठा व्हशील, पोरा." मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो आणि कानाशी लागून म्हणालो, "सरांना सांगा, काम एक नंबर झालं." "सांगतो, सांगतो," बाबा म्हणाले. सर म्हणजे कोण, हे त्यांना कळलं नसावं, पण माणूस खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना एक पिकअप येऊन उभी राहिली. त्यातून बाबा उतरले, त्यांची दोन तगडी मुलं उतरली, आणि एका मुलाच्या हातात शाल-नारळ होता. बाबांचा गाल आता उघडा होता आणि टोपलीएवढा सुजलेला. त्यांनी भर दुकानात शेठच्या खांद्यावर शाल टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दुकानदार असावा तर असा! रोपं आमच्या चुकीनं गेली का त्यांच्या, येका शब्दानं इचारलं न्हाई. भरून देतो म्हनले!"

शेठनी माझ्याकडे बघितलं. ट्रॅक्टरचं चाक जवळपास कुठंच नव्हतं.

शेठ व्यापारी माणूस. चार गिऱ्हाइकांसमोर अंगावर पडलेली शाल त्यांना काढता येईना. नाकातून श्वास घेत ते हसले, ट्रे मोजून पिकअपमध्ये चढवले, आणि बांधावर यायचं मात्र गुडघ्याच्या दुखण्यावर ढकललं. लावायला मी गेलो. कंबर मोडून पडेपर्यंत बाबांच्या मुलांबरोबर रोपं लावली. दुपारी बाबांच्या सुनेनं पिठलं-भाकरी वाढली, आणि ती खाताना मला पुरतं कळलं की यातलं काहीही नाटक नव्हतं. बाबांची दाढदुखी सुद्धा खरी होती.

संध्याकाळी शेठ आवाज न चढवता म्हणाले, "रोपं इथनं निघाली तवा टवटवीत व्हती. त्यांनी दिवसभर उघड्यावं उन्हात ठेवली, त्यांचंच पोरगं सांगत व्हतं. त्यात माझी चूक न्हाई, तरी बाजारात माझा शब्द गेला म्हणून मी दिली. पर माझा शब्द तू कसा दिला? उद्यापासनं येऊ नको."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी आठवडाभर घरी म्हशीपाशी बसलो. मधे एकदा एस्टीनं निरगुडसरला जाऊन रोपं तेवढी बघून आलो. मग सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. सर भिंतीकडे बघत ऐकत होते.

"मी कुणाला धाडलंच नव्हतं," ते म्हणाले. "जबड्याला फडकं बांधायचं मला सुचलं बी नसतं." मग ते उठले. "चल. मी बोलतो शेठशी."

आतून काकू बाहेर आल्या. "तुमी?" एवढंच म्हणाल्या.

सरांनी खुंटीवरची कानटोपी हातात घेतली, जरा उभे राहिले आणि परत टांगली.

दुकानात पाच-सात गिऱ्हाइकं होती. शेठनी सरांना उघड्या डोक्यानं आलेलं बघितलं आणि ते गडबडले. आता कसं वागायचं, हे त्यांनाही कळेना. "या," ते म्हणाले. "काय पायजे?"

सरांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. त्यांनी घसा खाकरला, कपाळ पुसलं. "ट्रे..." ते म्हणाले. "ट्रेचा भाव काय?"

शेठनी भाव सांगितला.

"कमी न्हाई व्हणार?"

"न्हाई."

सरांनी मान हलवली, वळले आणि भिंतीवरचं कीटकनाशकाचं पोस्टर वाचायला लागले. त्यांचे हात पाठीमागे एकमेकांत अडकले होते.

तेव्हा मला कळलं. फळ्याकडचं तोंड, पालकसभेतून पळणं, तो माईक. ही लहर नव्हती. या माणसाची जीभ माझ्यासारखीच टाळ्याला चिकटत होती, आणि कानटोपी आम्हाला फसवायला नव्हतीच मुळी. दुसरं कुणीतरी झाल्याशिवाय त्यांना दुकानात शिरताच येत नव्हतं. आणि आज ते माझ्यासाठी स्वतःच्या चेहऱ्यानं आले होते. मला रडू फुटेल असं वाटलं. इतका मायेचा आणि इतका निरुपयोगी वकील कुणाला मिळाला नसेल.

आता दुकानात बोलायला माझ्याशिवाय कोणीच उरलं नव्हतं. आणि समोरचा प्रत्येक माणूस खरा होता.

"शेठ," मी म्हणालो. आवाज चिरकला. एक गिऱ्हाईक हसलं. "रोपं मी कबूल केली. मला वाटलं बाबा खोटे हायेत. खोट्यापुढं मोठेपणा केला, चुकलं. पर रोपं मी सोता लावली. परवा जाऊन बघून आलो, धरली सगळी. मला हेच काम शिकायचंय. मी रोज लवकर येतो ते झाडायला न्हाई, बी वर आलेलं बघायला येतो. मला कॉलेजला जायचंय, पर इथनंच जायचंय. तुमी न्हाई म्हणला तर मी पिकअपवं जाईन. पर मला रोपं सोडायची न्हाईत."

एवढं मी त्याआधी सलग कधी बोललो नव्हतो. त्यानंतरही फारसं बोललेलो नाही.

शेठ गल्ल्यावर बोटं वाजवत राहिले. "हे सांगायला सर आले व्हते ना?" त्यांनी विचारलं. "मग ते का गप?"

सगळी गिऱ्हाइकं सरांच्या पाठीकडे बघायला लागली. पोस्टरवर चार ओळी होत्या. सर त्या अजून वाचत होते, आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"ते माझी परीक्षा घेतात, शेठ," मी म्हणालो.

शेठनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. बाजारपेठेत इतकी वर्षं ज्यांनी गल्ल्यात तोंड घालून हसू दाबलं, त्यांतले हे एक. पण या वेळी त्यांनी तोंड लपवलं नाही आणि ते हसलेही नाहीत.

"असं व्हय," ते म्हणाले. "मग उद्या लवकर ये. आणि आधी सरांना खुर्ची दे, उभे हायेत कवाचे."

मी खुर्ची ठेवली. सर पोस्टरपासून वळले, बसले, आणि शेठच्या डोळ्यांकडे न बघता, पण अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, "पोरगं बोलतं चांगलं, न्हाई?"